सगळ्या वाटा गंगासागरवरून

५ जानेवारी

आज आमच्या दुकानातल्या यंत्रानं दगडाबाईला दाढीची पाती घ्यायला सांगितली.

दगडाबाई वरच्या वस्तीवरची. साठी ओलांडलेली, तीस वर्षांपासूनची आमची गिऱ्हाईक. तिनं किलोभर तूरडाळ आणि अर्धा किलो गूळ घेतला. बिल करायला मी बसलो होतो. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. मागं चार माणसं ताटकळलेली. शेवटी एकदाची खाली ओळ उमटली : ‘हेही लागेल – दाढीची पाती, बाळाची पावडर, उंदराचं औषध.’

दगडाबाईला वाचता येत नाही. ‘काय म्हनतंय वो अप्पा ते?’ तिनं विचारलं. मी वाचून दाखवलं, तिथंच चुकलो.

‘मिशा मला कवा फुटल्या?’ ती म्हणाली. ‘आन् उंदराचं औषिद कुनाला घालायचंय? बाळाला का मिशावाल्याला?’

सगळं दुकान हसलं. मला हसू आलं नाही. बावन्न वर्षं मी या वडवणीत किराणा विकतोय. गूळ मागणाऱ्याला ‘सुंठ हाय का घरी?’ असं विचारायला मला कधी यंत्र लागलं नाही. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाचं पोर पहिल्यांदा शाळेत चाललंय, हे मला माहीत असायचं. ते माहीत असणं म्हणजेच दुकान. आता ते एका काळ्या डब्याला शिकवायचं चाललंय, आणि तो डबा माझ्या गल्ल्यावर बसून माझ्या गिऱ्हाइकांची टवाळी करतो.

डबा माझ्या नातीचा आहे, म्हणून गप्प बसलो. प्रणिता, राजेश्वरची थोरली. दिवाळीत पुण्याची नोकरी सोडून आली. गिऱ्हाइकानं एक वस्तू घेतली की त्याला आणखी काय लागेल हे दुकानदाराला सांगायचं, असा तिचा उद्योग. बीडचे बंकटशेठ आसपासच्या अकरा दुकानांना घाऊक माल पुरवतात. ते दोन फेब्रुवारीला बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर अकराही दुकानांत ते लागेल आणि पोरगी इथं राहील. नाही पटलं तर पुण्याच्या कंपनीनं दहा तारखेपर्यंत तिची जागा राखून ठेवली आहे.

मला त्याचं काही नाही. पोरीनं कुठंही राहावं. सकाळच्या चहाला कुणीतरी कविता ऐकून घेतं, एवढाच काय तो फरक.


७ जानेवारी

राग गेलेला नाही, म्हणून मूळच लिहून ठेवतो. हे सगळं राजेश्वरपासून सुरू झालं. तीन वर्षांपूर्वी माझ्या या चिरंजीवांनी बिलाचं यंत्र आणलं. नियम दोन. एक, घरातल्या माणसानं पुडीभर साखर नेली तरी बिल करायचं, म्हणजे माल जुळतो. दोन, गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर टाकल्याशिवाय बिल निघायचंच नाही. ज्याच्याकडं मोबाइल नाही त्यानं काय करायचं? ज्याला नंबर द्यायचा नाही त्यानं? आमच्याकडच्या निम्म्या बायकांना स्वतःचा नंबर पाठ नसतो. रांगेत उभ्या राहून त्या शेजारणीला विचारतात, ‘माझा नंबर काय गं?’

मी आपला त्यावर तोडगा काढलाय. असं कुणी आलं की मी माझ्या बायकोचा, गंगासागरचा, नंबर टाकतो. तो मला झोपेतही सांगता येतो. नंबर टाकला की पडद्यावर हिरव्या अक्षरात उमटतं, ‘नमस्कार, गंगासागर’. मग बिल निघतं. कुणाचं काही बिघडत नाही. गेल्याच्या आधीच्या कार्तिकात ती गेली, त्याला चौदा महिने झाले. तिचा मोबाइल मी अजून चालू ठेवला आहे. दुकानात दिवसातून चार-पाच वेळा तरी तिचं नाव दिसतं, एवढं बरं वाटतं.

वहीबद्दलही लिहायचं राहिलं. बसायच्या जागेमागं फळी आहे. तिथं माझ्यासाठी दोनशे पानी वह्या आणि शाईची दौत आपोआप येऊन पडलेली असायची. राजेश्वर ठेवत असावा. त्याच्या हातून होणारं तेवढं एक चांगलं काम. गेल्या वर्षापासून तेही बंद पडलं. ही शेवटची वही. मागायला मी जाणार नाही.


८ जानेवारी

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. प्रणितानं पुडीच्या कागदावर ठिपके काढून मला समजावलं. डावीकडं माणसं, उजवीकडं वस्तू. ज्यानं जे घेतलं, त्याच्यापासून त्या वस्तूपर्यंत रेघ.

‘आता बघा आबा. आधी माझं यंत्र काय करायचं, समोरच्या गिऱ्हाइकाची सगळ्या गावातल्या एकेका गिऱ्हाइकाशी तुलना करत बसायचं. म्हणून वेळ. आता मी ते बदललंय. आता फक्त रेघेवरून चालायचं. गुळावर उभं राहायचं, गूळ कुणी कुणी घेतला तिकडं जायचं, त्यांनी आणखी काय घेतलं तिकडं जायचं. तीन पावलं, बास. बाकीच्या गावाकडं बघायचंच नाही.’

‘म्हणजे भेंड्या,’ मी म्हणालो.

‘कसल्या भेंड्या?’ तिनं विचारलं. मग मी सांगितलं. आमच्या शाळेत मुंजाजी गुरुजी दर शनिवारी कवितांच्या भेंड्या लावायचे. समोरच्यानं कविता ‘ग’वर सोडली की आम्ही काय पुस्तक पहिल्या पानापासून आठवत बसायचो? छे! सरळ ‘ग’च्या घरात शिरायचं, जी हाताला लागेल ती कविता उचलायची आणि चालीवर म्हणायची. माझ्या भुजंगप्रयाताला पलीकडच्या वर्गातली पोरं खिडकीशी यायची. मॅट्रिकनंतर वडिलांनी या गल्ल्यावर बसवलं, नाहीतर आज सोमलिंगअप्पा वेगळाच कुणी असता. असो.

‘एक्झॅक्टली आबा, भेंड्याच,’ प्रणिता म्हणाली. पोरगी हुशार आहे. यंत्र मात्र गाढव आहे.


१२ जानेवारी

संक्रांतीची गर्दी. तीळ, गूळ, खोबरं, वाणाच्या डब्या, हळदीकुंकवाच्या पुड्या. दुकानात पाय ठेवायला जागा नाही आणि यंत्राचं चक्र फिरतंच आहे. मी मनात मोजत होतो. बावीस मोजेपर्यंत ओळ उमटली नाही. तोवर दोन बायका पिशव्या खाली ठेवून समोरच्या दुकानात गेल्या. आज मी वीस-पंचवीस तरी बिलं गंगासागरच्या नंबरावर केली असतील. नंबर विचारत बसायला वेळ कुणाला होता?

राजेश्वरनं सगळ्यांच्या देखत यंत्र बंद केलं.

‘पुण्यालाच बरी होतीस,’ तो पोरीला म्हणाला. ‘हितं येऊन धंद्याची वाट लावायलीस.’

‘बाबा, कुठंतरी अडकतंय ते. शोधायलेय मी.’

‘शोध. दोन तारखेला बंकटशेठसमोर असंच फिरू दे भिंगरीसारखं. मग दहाला गाडीत बस.’

बापानं असं बोलावं? माझ्या वडिलांनी मला गल्ल्यावर बसवलं, पण चारचौघांत कधी पाणउतारा केला नाही. मी राजेश्वरशी दिवसभर बोललो नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, याचा आणखी राग.


१७ जानेवारी

प्रणिता जेवायला बसते तरी नजर पडद्यावर. वाटा कमी केल्या, पावलं कमी केली, तरी सुटत नाही.

‘सगळ्या वाटा कुठंतरी एकाच गाठीवर येतायत, आबा. तिथं आलं की तिथून सगळं दुकानच उघडतं. मग सातशे वस्तू धुंडाळत बसतंय.’

‘साखर असंल. मीठ असंल. ते कोण घेत न्हाई?’

‘ते मी आधीच काढलं. मीठ-साखरेवरून वाट नेतच नाही. सगळेच घेतात म्हटल्यावर त्यावरून काय कळणार?’

मग मला गुरुजींचं आठवलं. वर्गातल्या निम्म्या कविता ‘त’वर संपायच्या. कुठूनही निघा, येऊन पडणार ‘त’वरच. खेळ पुढं सरकायचाच नाही. तेव्हा गुरुजी टेबलावर छडी आपटून म्हणायचे, ‘आजपासून त वर्ज्य!’ की लगेच खेळ धावायला लागायचा.

‘तुझ्यातला त शोध,’ मी म्हणालो.

पोरगी ताटावरून तशीच उठली. ‘आबा, मी वस्तूंतला त काढला. माणसांतला बघितलाच नाही.’

आज माझ्यामुळं काहीतरी होणार आहे. साठ वर्षांनी का होईना, भेंड्या कामाला आल्या.


२१ जानेवारी

आज लिहायची इच्छा नाही, तरी लिहितो.

दुपारी प्रणिता माझ्याजवळ येऊन बसली. आवाज एकदम हळू. ‘आबा, त सापडला.’

‘सांगितलं व्हतं ना मी! कोण गं?’

तिनं पडदा माझ्याकडं वळवला. हिरवी अक्षरं होती. गंगासागर. खाली आकडा : एक हजार सहाशे बारा बिलं.

‘आजी जाऊन चौदा महिने झाले, आबा. आणि आपल्या गावात सगळ्यात जास्त खरेदी आजी करते. दाढीची पाती घेते. बाळाची पावडर घेते. उंदराचं औषध घेते. गूळ कुणीही घेऊ दे, यंत्र चालत चालत आजीपाशी जातं, आणि आजीनं सगळं दुकानच घेतलेलं असतं.’

राजेश्वर मागं उभा होता. मला वाटलं ओरडेल. तो कपाळाला हात लावून नुसता बघत राहिला. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. जणू मी म्हातारचळ लागलेला कुणी आहे.

‘मंग काय करनार?’ मी विचारलं.

‘आजीचं नाव मी खोडणार नाही,’ प्रणिता म्हणाली. ‘फक्त तिच्यावरून वाट नेणार नाही. मिठासारखं.’

मिठासारखं! एवढं ऐकून घ्यायला मी बावन्न वर्षं दुकान चालवलं का? अगं, या घरात कुठली वाट तिच्यावरून जात नव्हती? मालाची यादी तिच्याकडून, पाहुण्यांची ऊठबस तिच्याकडून, तुझ्या बापाच्या शाळेचा दाखला तिच्याकडून. पहाटे इष्टलिंगाच्या पूजेला माझ्या हाताशी विभूती कुणी ठेवायची? आणि तू म्हणतेस तिच्यावरून वाट नेणार नाही! ज्या यंत्राला तिची वाट चालत नाही, ते यंत्र मला माझ्या दुकानात नको.

हे सगळं मी मोठ्यानं बोललो. तसाच उठून घरी आलो. उद्यापासून दुकानात जाणार नाही. बघू दे त्यांना, अप्पांशिवाय कसं चालतं ते.


२२ जानेवारी

चाललं.


२३ जानेवारी

मीच तिला हातात कंदील देऊन त शोधायला पाठवलं, हे राहून राहून डोक्यात येतं. गुरुजींना काय माहीत, त वर्ज्य केला की त ला काय वाटत असेल.

सूनबाईंनी दोनदा विचारलं, ‘मामंजी, दुकानात न्हाई गेलात?’ घसा दुखतोय म्हणालो. दुखतोयही. मागच्या थंडीपासून असाच धरतो. आधी कधी असा धरत नव्हता.


२४ जानेवारी

सकाळी दगडाबाई घरी आली. पायरीवरच बसली, पिशवी मांडीवर.

‘काय वो अप्पा, रुसलाव म्हनं?’

‘कुनी सांगितलं?’

‘गाव बोलायलंय. म्या म्हनलं म्हातारं आजारी हाय का बघून यावं. तर तुमी ठणठणीत.’ मग तिनं पिशवी पायरीवर ठेवली. ‘परनिताताईनं सांगितलं मला समदं. माझं सामान वैनीच्या नावावर लावलंत तुमी.’

‘तुझ्याकडं मोबाइल न्हाई दगडाबाई. नंबराशिवाय बिल निघत न्हाई. मी काय करू?’

‘माझं नाव सांगायचं.’

‘यंत्र नाव घेत न्हाई.’

‘यंत्र घेत न्हाई, तुमी तर घेता ना? का वैनीला जित्ती ठेवायला मला मारून टाकलं?’ तिनं पदर खोचला. मी तिला इतकी चिडलेली कधी पाहिली नव्हती. ‘तीस वर्सं म्या तुमच्या दुकानात येते. माझ्या म्हशीला खडं मीठ लागतंय, मला दाताची मिसरी लागती, नातीला खारी लागती. हे समदं वैनीनं खाल्लं व्हय? ते यंतर मला पाती घे म्हनलं, ते कावून? तर त्याच्या लेखी म्या नव्हतेच. तितं वैनीच उभी व्हती. वैनी असती तर तिनंच तुमचे कान धरले असते.’

‘जास्त बोलू नको,’ मी म्हणालो.

‘बोलनार. वैनी तुमची, खरेदी माझी. माझी मला द्या.’

चहा न घेता गेली. माझ्या दारातून कुणी चहा न घेता गेलेलं आठवत नाही. कोण ही मला शिकवणार? अंगठा उठवणारी बाई! मी कविता शिकलेला माणूस!

संध्याकाळी परत वाचलं. वरची ओळ खोडावीशी वाटते. पण दैनंदिनीत खाडाखोड करायची नाही, असा माझा नियम आहे. राहू दे तशी, मला लाज वाटायला.


२५ जानेवारी

दुपारी दुकानात गेलो. राजेश्वर खुर्चीवरून उठला. मला बसायला जागा दिली.

प्रणिताला म्हणालो, ‘तुला वाट बंद करायची काही गरज न्हाई. ती बिलं वाच एकेक. ज्याची त्याला देऊन टाकू.’

‘आबा, सोळाशे आहेत. आणि बिलावर फक्त वस्तू, तारीख आणि वेळ.’

‘वाच तर.’

ती वाचायला लागली. ‘बाजाराचा दिवस, सकाळी साडेआठ. खडे मीठ दोन किलो, मिसरी, खारी.’

‘दगडाबाई. पुढं.’

‘संध्याकाळी सहा. दाढीची पाती, चहापत्ती लहान पुडा, कापूर.’

‘आसाराम न्हावी. चहापत्ती लहानच घेतो, मोठी घेतली की दुकानात बसणारे पितात म्हनतो.’

‘बाळाची पावडर, डिंक, खारीक, हळीव.’

‘सटवाची लेक बाळंतपनाला आली व्हती ती. पोरगी झाली. तारीख बघ, उन्हाळ्यातली असंल.’

‘मेमधली,’ प्रणिता म्हणाली. ती वाचायची थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, बघतेस काय, वाच.

दोनशे झाली. उंदराचं औषध कुणाचं ते सांगितलं नाही. तो माणूस घरात उंदीर आहेत हे कुणाला कळू देत नाही. कानात सांगितलं.

एक गोष्ट मात्र मी तिला आणि राजेश्वरला समोर बसवून ऐकवली. चूक माझी एकट्याची नाही. ज्याच्याकडं नंबर नाही तो माणूसच नाही, असा नियम करणारं यंत्र कुणी आणलं? राजेश्वर खाली बघत म्हणाला, ‘कंपनीनं तसंच दिलं व्हतं अप्पा.’ प्रणिता म्हणाली, ‘ते मी आत्ता बदलते.’ आणि बदललं. आता नुसतं नाव सांगितलं तरी बिल निघतं. तासाभराचं काम! तीन वर्षं हे कुणाला सुचलं नव्हतं!


३१ जानेवारी

संपलं. सोळाशे बारापैकी बाराशे चौसष्ट माणसांच्या हवाली केली. काही मला आठवली नाहीत. मी म्हातारा झालोय, हे पहिल्यांदा आकड्यात कळलं. ती प्रणितानं कुणाच्याच नावावर ठेवली नाहीत. माल विकला गेला एवढीच नोंद.

शेवटी सहा बिलं राहिली. मी म्हणालो, ‘ही कुणाची?’

‘ही आजीचीच आहेत, आबा. ती असतानाची.’

सहाही बिलं सारखीच. ज्येष्ठमध. खडीसाखर. दोनशे पानी वही, दोन नग. निळ्या शाईची दौत, एक.

मी राजेश्वरला हाक मारली. ‘माझ्यामागच्या फळीवर वह्या तूच ठेवायचास ना?’

‘कसल्या वह्या?’ राजेश्वर म्हणाला.

आज एवढंच.


२ फेब्रुवारी

बंकटशेठ आले. आल्या आल्या माझ्या खुर्चीत बसले. विचारलंही नाही. बीडहून आलं की वडवणीतली प्रत्येक खुर्ची आपलीच, असं काही लोकांना वाटतं.

‘दाखवा लेकी, काय जादू हाय ती,’ ते म्हणाले. ‘माझ्याकडं वेळ थोडा हाय. गिऱ्हाइकाकडं तर त्याहून थोडा.’

प्रणिताचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात दगडाबाई दुकानात शिरली. मी तिला बोलावलं नव्हतं, हे शपथेवर लिहितो. कुणी बोलावलं होतं ते मला नंतर राजेश्वरच्या तोंडावरून कळलं.

‘तीळ पाव किलो,’ ती म्हणाली. ‘आन् नाव लिवा, दगडाबाई. वरची वस्ती. नंबर न्हाई.’

प्रणितानं लिहिलं. चक्र फिरलंच नाही. मी एक म्हणायला तोंड उघडलं, तोवर ओळ आली होती : ‘हेही लागेल – खडे मीठ, खारी, मिसरी.’

‘अगं बया!’ दगडाबाई म्हणाली. ‘मीठ राह्यलंच व्हतं. म्हस दोन दिस चाटून चाटून खुंटा झिजवायलीय.’

बंकटशेठ हसले. मग त्यांनी स्वतःच चार-पाच गिऱ्हाइकांवर ते करून बघितलं. मग विचारलं, ‘वेग कसा काय आणला? परवा राजेश्वर तर म्हनत व्हता भिंगरी फिरती.’

‘गर्दीची गाठ सोडवली, शेठ,’ प्रणिता म्हणाली. ‘आबांनी.’

‘अप्पांनी? त्यांला यातलं काय कळतंय?’

मी ऐकून घेतलं. पोरीचं काम होतं म्हणून ऐकून घेतलं. नाहीतर त्यांच्याच तोंडावर शार्दूलविक्रीडित म्हणून दाखवलं असतं, एकोणीस अक्षरं एका दमात.

शेवटी ते काय म्हणाले? अकरा नाही. तीन दुकानं, तीही पाडव्यापर्यंत, बघू म्हणून. अकरा दुकानांची आशा दाखवायची आणि तीन द्यायची! असं मी गिऱ्हाइकाशी वागलो असतो तर माझ्या दुकानाला केव्हाच कुलूप लागलं असतं. मी हे प्रणिताला सांगायला गेलो तर ती फोनवर बोलत होती. ‘नाही सर, दहाला जॉइन नाही होत. जागा देऊन टाका दुसऱ्याला.’

फोन ठेवून ती म्हणाली, ‘आबा, उद्या चहाला कुठली कविता?’

तीनच दुकानं, पण तीन दुकानं.


४ फेब्रुवारी, रथसप्तमी

वहीचं शेवटचं पान. म्हणून सकाळी दुकानात गेलो, विक्रीच्या मालातली एक दोनशे पानी वही आणि शाईची दौत उचलून प्रणितासमोर ठेवली.

‘घरातला माल असला तरी बिल करायचं, हा तुझ्या बापाचा नियम,’ मी म्हणालो.

तिची बोटं जागच्या जागी राहिली. ‘कुणाच्या नावावर, आबा?’

‘माझ्या. सोमलिंग. आणि नंबर हाय मला, लिही.’

तिनं लिहिला. पडद्यावर आलं, ‘नवीन गिऱ्हाईक’. नवीन! बावन्न वर्षं ज्या दुकानात उभा आहे, तिथं मी नवीन! मी त्यावर बोलणार, तोवर खाली दुसरी ओळ आली : ‘हेही लागेल – ज्येष्ठमध, खडीसाखर.’

‘मी काही केलेलं नाही हं,’ प्रणिता पटकन म्हणाली. तिनं पुडीचा कागद ओढला आणि दोन रेघा काढल्या. शाईपासून एक ठिपका, ठिपक्यापासून ज्येष्ठमध. ‘आपल्या दुकानात शाईची दौत आजवर एकाच माणसानं घेतलीय. म्हणून वाट दुसरीकडं कुठं जातच नाही.’

‘यंत्राला सांग, माझा घसा बरा हाय.’

‘त्याला सांगता येत नाही, आबा. घ्या नाहीतर राहू द्या.’

घेतलं.

आता ज्येष्ठमधाची काडी दाढेखाली धरून हे लिहितोय. आधी नुसतं लाकूड लागतं, मग मागून एक गिळगिळीत गोडी येते आणि दुपारपर्यंत जात नाही. मला ही चव अजिबात आवडत नाही, हे मी तिला पन्नास वर्षं सांगत आलो. तिनं ऐकलं नाही. अजूनही ऐकत नाही.